जुन्या वास्तूचे लाकूड आणि नवी लेखणी

या लेखाचा विषय पाहून काही सभासद बंधूंस नवल वाटेल. गोणी, तागडी आणि बाजारभाव यांत ज्याचे आयुष्य गेले, त्याने लाकडी लेखणीविषयी काय लिहावे, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु लेखणीचा संबंध जितका कवीशी आहे, तितकाच किंबहुना त्याहून अधिक तो व्यापाऱ्याशी आहे. दिवाळीस वहीपूजन करताना आपण वहीवर लेखणी ठेवतो. कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे ज्ञानपंचमीस, श्वेतांबर घरांत ग्रंथांबरोबर लेखणी आणि दौत यांचीही पूजा होते. दिगंबर बंधू ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी पाळतात. ज्या साधनास आपण वर्षातून एकदा हात जोडतो, ते साधन कोठून येते, कशाचे बनते आणि ते घडविणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे पाहणे आपणास अनुचित नाही.

जुनी घरे पाडल्यावर निघालेले वासे, चौकटी, जिन्याच्या पायऱ्या, मोडके पलंग यांचे लहान लहान तुकडे एकमेकांस चिकटवून त्यांतून एक कांडी करावयाची, ती लेथवर कातून तीत पितळी नळी व शाईची कांडी बसवावयाची आणि असे पेन भेटवस्तू म्हणून विकावयाचे, हा तो धंदा होय. पाश्चात्य देशांत हौशी कातारी मंडळींनी हे काम पुष्कळ वाढविले असून त्यासाठी लागणारे धातूचे सुटे भाग आता आपल्या देशातही विकत मिळतात. गोव्याच्या उत्तरेकडील पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांचा विचार करता हा धंदा तेथील भूमीस मानवण्याजोगा आहे, असे आमचे मत आहे. मात्र तो कोणत्या अटींवर करावा आणि त्याचा हिशेब कसा मांडावा, हा या लेखाचा खरा विषय आहे.

लेखणी आणि कातकाम

बोरूचा काळ मागे पडून टाकाचे पेन आले, तेव्हा ते विलायतेहून आले. स्वदेशीच्या चळवळीत याही वस्तूकडे लक्ष गेले. आंध्रातील राजमहेंद्री येथील के. व्ही. रत्नम यांनी एबोनाइट कातून हाताने स्वदेशी पेन तयार केले आणि महात्मा गांधींनी १९३५ साली पत्र लिहून त्याची पोच दिली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. लेथ, धारदार पटाशी आणि स्थिर हात एवढ्या सामग्रीवर चांगली लेखणी घडू शकते, हे त्या उदाहरणाने सिद्ध झाले.

कातकामाची परंपरा पेडण्यास परकी नाही. तेरेखोलची नदी ओलांडली की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो आणि थोड्याच अंतरावर सावंतवाडी येते. तेथील चितारआळीतील रंगीत लाकडी खेळणी व फळे महाराष्ट्रात घरोघर माहीत आहेत. पेडणे १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेले, त्यापूर्वी ते सावंतवाडीकर भोसल्यांच्या मुलखात मोडत असे. डिचोलीही १७८१-८२ च्या सुमारास त्यांच्याच हातून गेली. राज्याची सीमा बदलली, तरी नदीच्या दोन्ही तीरांवरील भाषा आणि सोयरीक बदलली नाही. आपल्या समाजासही हा प्रदेश अपरिचित नाही. डिचोली तालुक्यातील नार्वे येथील जैनकोटाचे अवशेष आणि फोंडा तालुक्यातील बांदोडे येथील नेमिनाथ बस्तीचे अवशेष, या भूमीवर एके काळी जिनधर्म नांदत होता याची साक्ष आजही देतात.

पेडणे व डिचोलीच का

कोणत्याही धंद्यास माल, हात आणि गिऱ्हाईक ही तीन अंगे लागतात. या दोन तालुक्यांत ती तिन्ही जवळजवळ सापडतात.

प्रथम माल. गोव्यात १८७० पासून पोर्तुगीज नागरी कायदा लागू झाला आणि वारसाहक्काची त्याची तत्त्वे थोड्याफार फेरफाराने आजही चालू आहेत. त्यान्वये मुलगे व मुली यांस समान वाटा मिळतो. ही न्यायाची गोष्ट आहे. परंतु तिचा एक परिणाम असा होतो की, दोन-तीन पिढ्यांत एका घराचे वाटेकरी वीस-पंचवीस होतात. कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, कोणी आखाती देशांत, कोणी पोर्तुगालात. डागडुजीस सर्वांची संमती मिळत नाही, कौले सरकतात, पाऊस आत येतो आणि अखेरीस घर पाडावे लागते. अशा घरांतून सागवान, शिसव, फणस, ऐन, किंदळ आणि माड यांचे लाकूड निघते. धड तुळया व दारे जुन्या सामानाचे व्यापारी उचलतात. उरलेला तुकडेमाल चुलीत जातो. काचेऐवजी शिंपल्यांची पातळ तावदाने बसविलेल्या जुन्या खिडक्यांच्या बारीक पट्ट्या तर दुसऱ्या कोणत्याच कामास येत नाहीत. पण तुकड्यांच्या पेनास त्यांचे माप अगदी नेमके बसते.

दुसरे अंग हातांचे. गावोगावचे मेस्त लाकूड जाणतात. परंतु तयार कपाटे आणि दाबलेल्या भुशाच्या फळ्या आल्यापासून त्यांचे बारीक काम कमी झाले आहे. डिचोली तालुक्यात खाणींवर पुष्कळ कुटुंबे अवलंबून होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि मार्चमध्ये काम थांबले. पुढे लिलाव होऊन काही पट्टे पुन्हा सुरू झाले, तथापि एकाच मोठ्या धंद्यावर सारा गाव टेकला म्हणजे काय होते, हे त्या वर्षांनी दाखविले. घरातील एका हाताने छोटा धंदा धरून ठेवावा, हा धडा त्यातून कोणीही घ्यावा.

तिसरे अंग गिऱ्हाइकाचे. हरमल, मांद्रे, मोरजी हे किनारे पेडण्यात आहेत. मोपा येथील मनोहर विमानतळाचे उद्घाटन डिसेंबर २०२२ मध्ये झाले आणि जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार जवळच आहे. परगावच्या पाहुण्यास पिशवीत मावेल, मोडणार नाही आणि गोव्याची म्हणून दाखविता येईल अशी वस्तू हवी असते. पेन ही तशी वस्तू आहे.

लाकडाची पारख

धान्याच्या व्यापारात पहिली परीक्षा ओलाव्याची असते. दाणा दाताखाली धरला की कळते, हा माल कोठारात टिकेल की बुरसेल. लाकडाचेही तसेच आहे. पुष्कळ लोक समजतात की, शंभर पावसाळे पाहिलेले लाकूड आता हलणार नाही. हा समज अर्धाच खरा आहे. जुन्या लाकडातील ताण निघून गेलेले असतात आणि ते एकाएकी पिळवटत नाही, हे खरे; परंतु हवेतील ओल घेणे व सोडणे त्याने कधीच थांबविलेले नसते. पडक्या घरातून आषाढात आणलेला तुकडा लगेच कातला, तर पौषात त्यास चीर पडेल.

यावर सोपा उपाय आहे आणि तो आपल्या पेढीवरच्या माणसास सहज सुचेल. तुकडे कापून कोरड्या खोलीत रचावेत, प्रत्येकावर क्रमांक घालावा आणि दर आठवड्यास सोनाराच्या काट्यावर वजन करून वहीत मांडावे. वजन उतरत आहे तोवर लाकूड ओले आहे. लागोपाठ तीन-चार आठवडे ते स्थिर राहिले म्हणजे लाकूड त्या हवेस मिळाले असे समजावे. काटा आणि वही यांपुढे येथे दुसऱ्या यंत्राची गरज नाही.

दुसरी परीक्षा खिळ्यांची. लोहचुंबक फिरविल्यावाचून एकही तुकडा करवतीखाली देऊ नये. तिसरी रंगाची. जुन्या दारे-खिडक्यांच्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर कडक मर्यादा २०१७ पासून आली. असा रंग घासून त्याची धूळ करू नये, रंगाचा थरच कापून वेगळा काढावा. चौथी परीक्षा किडीची. लाकडावर बारीक भोके असून खाली ताजे पीठ पडत असेल, तर आत जीव आहे. धान्यात सोंडे पाहिलेल्या माणसास हे सांगावयास नको. असा तुकडा आपण घेऊच नये. भोके जुनी असून पीठ पडत नसेल, तर हरकत नाही.

तुकड्यांचे पेन कसे घडते

एकाच लाकडाचे पेन करणे सोपे. मग तुकडे जोडण्याचा खटाटोप कशासाठी? याची दोन कारणे आहेत. एक तर जुन्या लाकडात खिळा, चीर आणि कीड टाळून लांब सलग भाग क्वचितच मिळतो. लहान निर्दोष तुकडे मात्र पुष्कळ मिळतात. दुसरे असे की, एका घराची अनेक लाकडे एका लेखणीत आणता येतात. सागवानाचा सोनेरी तपकिरी, शिसवाचा काळपट जांभळा, फणसाचा पिवळा आणि माडाचा ठिपकेदार रंग शेजारी शेजारी बसले की वरून रंग देण्याची गरजच उरत नाही.

प्रथम सुमारे पाऊण इंच चौरस जाडीच्या पट्ट्या करून त्यांच्या चकत्या पाडतात. चकत्यांची तोंडे काटकोनात व सपाट हवीत. केसाएवढी फट राहिली तरी पुढे ती काळ्या रेघेप्रमाणे दिसते. सर्व चकत्यांच्या रेषा एकाच दिशेने ठेवाव्यात, हा येथील मुख्य नियम होय. लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र वाढते व आक्रसते. एक चकती उभ्या रेषेची आणि शेजारची आडव्या रेषेची असेल, तर पावसाळ्यात दोघी दोन दिशांस ओढतात आणि सांधा उकलतो. सागवान व शिसव ही तेलकट लाकडे आहेत; त्यांचे तोंड ताजे कापून, पुसून लगेच चिकटवावे लागते. रेषेच्या टोकांकडील तोंड गोंद शोषून घेते, म्हणून तेथे आधी एक पातळ हात देऊन मग दुसरा द्यावा. नंतर शिकंज्यात धरून एक दिवस सोडावे.

दुसऱ्या दिवशी कांडीच्या मधोमध साधारण सात मिलिमीटरचे भोक पाडतात. सर्वांत अधिक कांड्या येथेच फुटतात. घाईने ड्रिल दाबले की उष्णतेने गोंद मऊ पडतो व चकत्या सुटतात. थोडे आत जावे, बाहेर येऊन भुसा काढावा, पुन्हा आत जावे. नंतर त्या भोकात पितळी नळी चिकटवितात. पेनाचे खरे बळ या नळीत असते. वरचे लाकूड पूर्ण कातल्यावर एक-दोन मिलिमीटरच उरते आणि सडपातळ पेनाच्या टोकांशी तर एक मिलिमीटरहूनही कमी. एखाद्या वाड्याच्या तुळईचा अंश आपल्या खिशात येतो, तो इतक्या पातळ सालीच्या रूपाने.

मग नळीसह कांडी पोलादी सळईवर चढवून लेथवर फिरवितात आणि धारदार पटाशीने हलक्या हाताने गोल करतात. पॉलिश पेपर जाड्यापासून बारकापर्यंत क्रमाने वापरतात. शिसवाची काळी धूळ शेजारच्या फणसाच्या पिवळ्या लाकडात भरून ते मळकट करते. म्हणून दर पायरीस धूळ फुंकून काढावी आणि लेथ थांबवून लांबीच्या दिशेने एक हात घासावे. लाकडाच्या भुशास जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक ठरविले आहे, सबब नाकातोंडावर चांगला मुखपट्टा बांधल्यावाचून कोणासही लेथपुढे बसू देऊ नये. काम देणाऱ्या व्यापाऱ्याने हा खर्च स्वतःचा मानावा.

आपल्या आचाराच्या दृष्टीने

श्रावकाच्या आचारग्रंथांत पंधरा कर्मादाने, म्हणजे टाळावयाचे धंदे, सांगितले आहेत. त्यांत वनकर्म आहे, प्राण्यांच्या दातांचा व अवयवांचा व्यापार आहे आणि लाखेचा व्यापारही आहे. या कसोटीस हा धंदा लावून पाहिला, तेव्हा आम्हांस तो विशेष विचारार्ह वाटला. पाडलेल्या घराचे लाकूड अचित्त आहे. त्यासाठी नवे झाड तोडावे लागत नाही. परंतु तेवढ्याने सारे शुद्ध झाले असे मानू नये. पारंपरिक सुतारकामातील सरस हा जनावरांच्या कातड्या-हाडांपासून निघतो. सावंतवाडी असो की कर्नाटकातील चन्नपट्टण, खेळण्यांवरील चकाकी लाखेची असते आणि लाख किड्यांपासून येते. मेण मधाच्या पोळ्यापासून मिळते. शिंपल्याचे तुकडे जडविलेली पेनेही बाजारात दिसतात.

या प्रत्येकास आज पर्याय आहे. सरसाऐवजी एपॉक्सीसारखे कृत्रिम गोंद आहेत आणि पेनास तेच अधिक टिकतात. मेणाऐवजी कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरील मेण मिळते. लाखेऐवजी जवसाचे तेल चालते. जवस आपल्यापैकी अनेकांच्या वखारीतून जातो. त्याचे तेल पातळ लावून दोन हातांमध्ये काही दिवस जाऊ द्यावे लागतात आणि शिसवावर तर ते फारच सावकाश सुकते. येथे एक सूचना जिवाच्या मोलाची आहे. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकली, तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकते. तागाच्या गोण्या भरलेल्या वखारीत हे किती भयंकर ठरेल, ते सांगणे नको. अशा चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

मंदिराच्या जीर्णोद्धारातून निघालेल्या लाकडाविषयी स्वतंत्र सांगावयास हवे. ते देवद्रव्य होय. देवस्थान आपले असो वा अन्य समाजाचे, त्याच्या लाकडावर खासगी नफा मिळविण्याचा विचारही करू नये.

हिशेब

आता ज्या भागासाठी आम्ही लेखणी उचलली तेथे येऊ. पुढील आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत. ज्याने त्याने आपल्या बाजाराचे आकडे त्यांच्या जागी घालावेत.

समजा, धातूचा संच १८० रुपये, गोंद, पॉलिश पेपर व तेल ५० रुपये, लाकूड २० रुपये. एकूण माल २५० रुपये. एका पेनास सर्व मिळून तीन तास लागतात आणि कुशल हाताचा तास १५० रुपयांचा धरला, तर मजुरी ४५० रुपये. वीज व हत्यारांची झीज ५० रुपये. एकूण ७५० रुपये. येथेच बहुतेक जण थांबतात आणि हजार रुपयांस विकून अडीचशे रुपये मिळाले असे समजतात.

परंतु पाचांतील एक कांडी फुटते किंवा सांधा दिसतो म्हणून बाद होते, असे धरा. पाचांस ३,७५० रुपये लागले व चारच विकण्याजोगी निघाली. म्हणजे एकाची खरी पडतळ ९३७ रुपये ५० पैसे. दुकानदार विक्रीवर तीस टक्के घेत असेल, तर १,३४० रुपयांस पेन विकले तरच नुकसान होत नाही, नफा त्यावर. किंमत ऐकून गिऱ्हाईक दचकेल, पण हिशेब याहून खाली येत नाही.

या हिशेबात लाकडाचा वाटा केवळ वीस रुपये आहे, हे ध्यानात घ्यावे. एक हात लांब, सहा इंच रुंद व चार इंच जाड अशा वाशाच्या तुकड्यातून निम्मे लाकूड वाया गेले तरी सत्तरांहून अधिक कांड्या निघतात. तेव्हा लाकूड दुर्मिळ म्हणून पेन महाग, असे जो सांगतो तो सत्य सांगत नाही. पेन महाग आहे ते त्यात गेलेल्या तीन तासांमुळे.

म्हणून बाद मालाचा तोटा कोणी सोसावा, या प्रश्नास फार महत्त्व येते. पुष्कळ ठिकाणी रीत अशी असते की, चांगल्या निघालेल्या नगावरच मजुरी द्यावयाची. वरच्या उदाहरणात कारागिराने पाच पेनांस पंधरा तास घातले आणि चार नगांचे १,८०० रुपये त्यास मिळाले. त्याचा तास १५० चा न राहता १२० चा झाला. वहीत मजुरी ४५० मांडलेली असते, म्हणून मालकास वाटते की आपण पुरी मजुरी दिली. प्रत्यक्षात फुटलेल्या कांडीचा भार गरिबाच्या शिरावर गेला. पुरी मजुरी द्यावयाची तर चांगल्या नगास ५६२ रुपये ५० पैसे द्यावेत, नाहीतर मजुरी तासावर ठरवावी. धान्यात तूट आली तर ती हमालाच्या हजेरीतून आपण कापत नाही. तोच न्याय येथे लावावा.

आणखी एक आकडा तरुण बंधूंनी पाहावा. एका कारागिराने महिन्यास दोनशे तास काम केले, तर सहासष्ट पेने घडतात व त्यांतील त्रेपन्न चांगली निघतात. त्याची मजुरी तीस हजार रुपये झाली. पण ती केव्हा, तर दरमहा त्रेपन्न पेने खपली तर. पावसाळ्यात किनारे ओस पडतात, तेव्हाही खपली तर. म्हणून आमचे म्हणणे असे की, या एका वस्तूवर संसार उभा करण्याचे स्वप्न कोणी दाखवू नये. शेती, सुतारकाम किंवा दुकान यांना जोड म्हणून मात्र हा धंदा भला आहे.

विक्री आणि खरेपणा

रस्त्यावरच्या पाहुण्यास विकणे हा एक मार्ग झाला. आमच्या मते त्याहून चांगला मार्ग मागणीप्रमाणे करून देण्याचा आहे. ज्यांचे घर पडते, त्याच कुटुंबाने आपल्या घराचा एक वासा, देवघराची चौकट, पाळण्याची दांडी यांतील तुकडे आणून द्यावेत आणि जितके वाटेकरी तितक्या लेखण्या करून घ्याव्यात. येथे गिऱ्हाईक आधी ठरलेले असते, माल पडून राहत नाही आणि हंगाम पाहावा लागत नाही. जमिनीची वाटणी कागदावर होते. घराची वाटणी करता येत नाही म्हणून ते पाडले जाते. अशा वेळी पंचवीस जणांच्या हाती त्याच घराची पंचवीस लेखण्यांनी वाटणी करता आली, तर त्यांतील काहींना तरी ती मोलाची वाटेल. आपल्या पेढ्यांतही जुनी गल्ला-पेटी, कोठाराचे दार, लाकडी तागडीची दांडी मोडीत निघते. तिचाही असा उपयोग होऊ शकतो.

या मालाचे मोल सांगितलेल्या गोष्टीवर असते आणि गोष्ट खोटी सांगणे अतिशय सोपे असते. नव्या सागवानावर चहाचे पाणी लावून तो जुना दाखविता येतो. कोणत्याही तुकड्यास दोनशे वर्षांच्या वाड्याची तुळई म्हणता येते आणि एक-दोन मिलिमीटर सालीवरून ते खोटे ठरविणे गिऱ्हाइकास अशक्य असते. अचौर्य व्रताच्या अतिचारांत प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे खऱ्याच्या नावावर नकली खपविणे, आणि चोरीचा माल घेणे, हे दोन्ही आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या धंद्यास ते दोन्ही नेमके लागू पडतात. सामायिक घराचा एकच वाटेकरी इतरांस न विचारता लाकूड विकावयास आला, तर ते स्वस्त असले तरी घेऊ नये.

म्हणून प्रत्येक पेनाबरोबर एक ओळखचिठ्ठी द्यावी. कोणती लाकडे, कोणत्या गावच्या कशा वास्तूतून, कोणत्या वर्षी काढली, कोणी कातले, कोणता गोंद व कोणते तेल लावले, एवढेच तीत असावे. घराचे वय कागदाने सिद्ध असेल तरच लिहावे. तुकड्यांवर घातलेले क्रमांक आणि वजनाची वही हीच या चिठ्ठीची मूळ नोंद. कोणी विचारल्यास ती दाखविता यावी. शिसवाची सारी जात जानेवारी २०१७ पासून सायटीस या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रित यादीत आहे. लहान तयार वस्तूंस त्यात सवलत आहे, तरी परदेशी माल पाठविणाऱ्याने चालू नियम पाहून कागद तयार ठेवावेत. तेथेही हीच वही कामास येईल.

जो हिशेब आपण धान्यात पाळतो, तोच येथे पाळावयाचा आहे. माल जसा आहे तसा सांगावा, माप पुरे द्यावे, तूट आपल्या अंगावर घ्यावी. ज्या बंधूंच्या घरी अथवा वखारीत जुने लाकूड मोडीत निघणार असेल, त्यांनी ते सरपणात देण्यापूर्वी जवळच्या एखाद्या मेस्तास बोलावून दाखवावे आणि प्रयोग म्हणून दहा लेखण्या करून घ्याव्यात. मजुरी तासावर द्यावी, बाद नग स्वतःच्या खाती घालावेत आणि त्या दहांचा हिशेब वहीत पुरा मांडावा. येत्या ज्ञानपंचमीस वा श्रुतपंचमीस त्यांतील एक लेखणी ग्रंथापुढे ठेवावी आणि उरलेल्या आपल्या ज्या गिऱ्हाइकांस दिवाळीची भेट म्हणून आजवर प्लास्टिकची पेने देत होतो, त्यांस चिठ्ठीसह द्याव्यात. पुढील वर्षीच्या स्मरणिकेसाठी कोणा सभासदाने आपल्या त्या दहा लेखण्यांचा हिशेब लिहून पाठविला, तर आमच्या या कल्पित आकड्यांच्या जागी खरे आकडे येतील आणि सर्वांसच त्याचा उपयोग होईल.